आजीचा चेहरा छत्तीस डब्यांत: फोटोवरून नंबरांनी रंगवायचं किट घ्यावं का?

घरच्या माणसाचा फोटो वेबसाइटवर चढवायचा, की काही दिवसांनी कुरियरने नंबर छापलेला कॅनव्हास दारात. सोबत पाण्यात मिसळणाऱ्या ॲक्रिलिक रंगांच्या डब्या, तीन नायलॉनचे ब्रश आणि नंबरांचा एक कागद. ज्या नंबरचा तुकडा, त्यात त्या नंबरचा रंग. चित्रकला न शिकलेल्या माणसालाही आईचं किंवा आजोबांचं चित्र स्वतःच्या हाताने करता यावं, हा या किटचा दावा. दावा अर्धा खरा आहे. उरलेला अर्धा तुम्ही कोणता फोटो पाठवता त्यावर आहे, आणि विक्रेते नेमकं तेच सांगत नाहीत.

इथे 16 × 20 इंचांचं किट धरलं आहे, कारण सगळ्यात जास्त तेच खपतं. रंग 24, 36 किंवा 48. डबी जेमतेम 3 मिलीची. जाहिरात रंगांच्या संख्येची असते, पण 48 रंग घेतले म्हणून चेहरा ओळखू येत नाही. कॅनव्हासवर डोकं किती मोठं आलं, ते आधी मोजा. नाशिकला रामकुंडावर काढलेला फोटो घ्या: आजी उभी, मागे देवळं, पायाशी पाणी. 20 इंच उंच कॅनव्हासवर ती 18 इंचांची आली, तर डोकं साधारण अडीच इंचांचं होतं. चेहऱ्याची रुंदी जवळपास पाच डोळ्यांएवढी असते, म्हणजे एक डोळा 8 मिलिमीटर. एवढ्याशा जागेत नंबर छापता येत नाही, म्हणून सॉफ्टवेअर पापणी, बुबुळ आणि पांढरा भाग मिळून एकच तपकिरी ठिपका करून टाकतं. तोच फोटो खांद्यापर्यंत कापून डोकं 8 इंचांचं करा, डोळा इंचभराचा होतो आणि त्यात पाच-सहा तुकडे मावतात. जोडप्याचं चित्र हवं असेल तर दोन्ही डोकी किमान 5-6 इंचांची यायला हवीत. चौघांचं कुटुंब या मापात नकोच.

दुसरा घोळ पार्श्वभूमीचा. सॉफ्टवेअर अख्ख्या फोटोतले रंग गोळा करून ते ठरलेल्या संख्येत बसवतं. मागे झाडं आणि अंगावर पैठणीचा पदर असेल तर 36 पैकी बरेचसे रंग तिकडेच खर्ची पडतात आणि गालाच्या वाट्याला चार उरतात. पाठवण्याआधी फोनवरच मागचा भाग एकसारखा करड्या किंवा फिक्या मातकट रंगाचा करून टाका. भर दुपारचा फोटोही टाळा, कपाळावर पांढरा डाग आणि डोळ्यांखाली काळे खळगे येतात. सकाळी खिडकीशेजारी, एका बाजूने उजेड पडलेला फोटो सगळ्यात चांगला.

आता थोडं उलटं वाटेल असं. माणूस हयात नसेल आणि स्टुडिओतला जुना कृष्णधवल फोटोच उरला असेल, तर त्याला ॲपमधून रंग चढवू नका. चेहरा ओळखू येतो तो उजेड-सावलीच्या पायऱ्यांवरून, कातडीच्या रंगावरून नव्हे. करड्याच्या किमान 12 छटा मिळतील का, हे विक्रेत्याला आधी विचारा. मिळत असतील तर हे किट रंगीत किटपेक्षा सरस ठरतं. मात्र जुन्या स्टुडिओत पुष्कळदा हाताने डागडुजी केलेली असे, भुवया कोरलेल्या आणि गाल गुळगुळीत. त्यामुळे त्याच माणसाचा एखादा साधा फोटो शेजारी ठेवूनच रंगवायला बसा.

नंबरांनी रंगवण्याची कल्पना 1950 च्या सुमाराला डेट्रॉइटच्या पामर पेंट कंपनीत डॅन रॉबिन्स यांनी आणली. ते आधी स्वतः चित्र रंगवत आणि मग त्यावरून तुकड्यांच्या रेषा आखत. कुठली रेष ठेवायची, कुठली गाळायची, हे माणूस ठरवत होता. आजच्या फोटो-किटमध्ये ते काम यंत्र करतं, आणि यंत्राला नाकपुडीची कड आणि भिंतीवरचा डाग सारखाच. म्हणून शेवटची वीस टक्के दुरुस्ती तुमच्या गळ्यात पडते.

रंगवताना आधी पार्श्वभूमी, केस, कपडे. हात बसला की चेहरा घ्या, आणि त्यातही सावलीकडून उजेडाकडे. फिक्या रंगांखालून नंबर दिसत राहतात, त्यामुळे पातळ दोन किंवा तीन हात द्यावे लागतात. पाणी घालून एका हातात उरकायला गेलात तर नंबर हमखास डोकावतो. गालावर दोन तुकडे शेजारी रंगवले की नकाशातल्या तालुक्यांसारखी हद्द दिसते. दोन्ही डब्यांतले थेंब समान मिसळून ती मधली छटा ओल्या कडेवर ओढा. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत पंख्याखाली ॲक्रिलिक बघता बघता वाळतं, तेव्हा पंखा बंद आणि एका वेळी बटाट्याएवढीच जागा. डबी घट्ट झाली असेल तर दोन थेंब पाणी घालून काडीने ढवळा. रबरासारखी झाली असेल तर फेकून द्या, ॲक्रिलिक एकदा धरलं की पुन्हा विरघळत नाही.

किटमधले कातडीचे रंग आपल्या माणसांना बहुधा गुलाबी किंवा नारिंगी पडतात. नाशिकच्या एम. जी. रोड किंवा कॉलेज रोडकडच्या दुकानांतून चार ट्यूब आणा: यलो ऑकर, बर्न्ट सिएना, अल्ट्रामरीन ब्लू, टायटॅनियम व्हाइट. दोन भाग ऑकर, एक भाग सिएना, दोन भाग पांढरा, हा गव्हाळ रंगाचा पाया. सावलीसाठी सिएना वाढवा आणि निळ्याचं टोक लावा. काळा घालू नका, ऑकरशी मिळून हिरवट झाक येते आणि माणूस आजारी दिसतो. ॲक्रिलिक वाळल्यावर थोडं गडद होतं, तेव्हा मिश्रण किंचित फिकंच ठेवा. शून्य नंबरचा एक चांगला गोल ब्रशही घ्या, किटमधल्याचं टोक लवकरच फाटतं.

डोळ्यातला पांढरा भाग शुभ्र रंगवू नका, करडा-पिवळसर ठेवा. दातांमध्ये रेषा नकोत. कुंकू सॉफ्टवेअर वेडंवाकडं करतं, ते शेवटी स्वतः लावा, दोन भुवयांच्या बरोबर मधून. ओठांचा कोपरा एक मिलिमीटर वर गेला तरी आजी हसायला लागते, न हसणारी आजीसुद्धा. असं काही खटकलं, पण कुठे ते कळेना, की चित्राचा फोटो काढून फोनवर आरशातल्यासारखा डावा-उजवा उलटा करून बघा. चूक लगेच दिसते. सुरकुत्याही किट गाळून टाकतं. त्या परत घाला, पण काळ्या रेषेने नाही, कातडीच्या एकाच पायरी गडद छटेने. या कामात खरा जीव तिथेच लागतो: कुठली सुरकुती हसण्याची आणि कुठली काळजीची, हे रंगवणाऱ्यालाच ठाऊक असतं.

36 रंगांच्या किटला साधारण 20 ते 30 तास जातात. पहिल्याच चित्राला वर्षश्राद्धाची तारीख बांधून घेऊ नका.

कॅनव्हास गुंडाळलेला येत असेल तर चारही बाजूंनी दीड इंच कोरी किनार आहे का ते मागवतानाच विचारा, नाहीतर फ्रेमवाला चौकटीवर ताणताना पदर किंवा अंबाडा मागे दुमडतो. वार्निश उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांनी, पावसाळ्यात आठवड्याने. काच लावायची गरज नाही, पण प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलंत तर रंग त्याला चिकटतो. आणि ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर टांगायचंच असेल तर फ्रेमच्या मागे चारही कोपऱ्यांत बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे मधून हवा खेळती राहते.