हार्नेसची फ्रेम घरी भाड्याने: सहा-सात महिन्यांचा अनुभव

पक्षाघातानंतर पुन्हा चालायला शिकताना माणसाला अंगाला बांधलेल्या पट्ट्यांनी, म्हणजे हार्नेसने, वरून तोलून धरणारी चाकांची फ्रेम आम्ही भाड्याने आणली. त्या हार्नेसच्या उजव्या मांडीच्या पट्ट्याचं अस्तर फाटलं म्हणून कंपनीला फोन लावला. सुटा पट्टा मिळत नाही, अख्खा हार्नेस घ्यावा लागेल, आणि हार्नेस वॉरंटीत बसत नाही, हे उत्तर मिळालं. लोखंडी चौकटीला काही होत नाही. रोजच्या वापरात झिजतो तो पट्टाच, आणि नेमका तोच वगळलेला. याचा मला मनापासून राग आहे, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

अण्णांना पक्षाघात झाला, उजवी बाजू गेली. जुळे सोलापुरात घर, थेरपिस्ट मॅडम घरी येतात. त्यांच्याच सांगण्यावरून ही फ्रेम महिन्याच्या भाड्याने आणली. अण्णांचं वजन ७० किलो. सुरुवातीला ४० टक्के भार उचलायचा, म्हणजे २८ किलो फ्रेमवर आणि ४२ पायांवर. पुढे तो हळूहळू उतरवत न्यायचा. निम्म्याहून जास्त उचललं तर टाच टेकत नाही, माणूस चवड्यांवर तरंगत जातो. ती सवय मॅडमना नको होती.

आता पट्टा. तो जांघेतून फिरून कमरेला अडकतो. उजवा गुडघा मुडपला की अण्णांचा सगळा तोल त्याच पट्ट्यावर येतो, म्हणून तोच आधी गेला. मे महिन्यात सोलापुरात पारा ४२-४३ वर, त्यात ते जाड नायलॉन. घामाने कातडी सोलपटायची. शेवटी आईने घरातला सोलापुरी टॉवेल उभा दुमडून आत घातला, एकही चुणी राहणार नाही असा हाताने दाबून. लंगोटीसारखा बसला आणि वळ कमी झाले. पण त्या बाजूला अण्णांना स्पर्श नीट कळत नाही, त्यामुळे टोचलं तरी ते सांगत नाहीत. रोज काढल्यावर मी जांघ पाहते. अर्ध्या तासात लाली उतरली नाही, तर दुसऱ्या दिवशी फ्रेम बंद.

अस्तर शेजारच्या शिंप्याकडून टॉवेलच्या कापडाचं शिवून घेतलं. भार पेलणारी पट्टी आणि बकलाची शिलाई यांना मात्र हात लावू दिला नाही. तिथे घरगुती दुरुस्ती चालत नाही, माणूस त्यावर लटकलेला असतो. आणखी दोन गोष्टी कुणी आधी सांगत नाही. बांधण्याआधी लघवीला नेऊन आणा, नाहीतर सगळं सोडावं लागतं. आणि जेवल्यावर लगेच बांधू नका, छातीचा पट्टा पोटावर येतो.

पहिल्या महिन्यात मी याला पाच तारे दिले असते. अण्णा उभे राहिले, पाऊल टाकलं, घरातले सगळे रडले. मॉन्ट्रियलचा १९९८ चा अभ्यासही तेच सांगत होता: १०० रुग्ण, ट्रेडमिलवर निम्म्यांना भार उचलून आणि निम्म्यांना न उचलता सराव, आणि उचललेल्यांची चाल सहा आठवड्यांत जास्त सुधारली. मग मॅडमनी २०११ चा मोठा अमेरिकन अभ्यास दाखवला. ४०८ रुग्ण, काहींना हार्नेस बांधून ट्रेडमिलवर चालवलं, काहींना घरी थेरपिस्टच्या देखरेखीखाली ताकदीचे आणि तोलाचे व्यायाम दिले. वर्षाने साधारण ५२ टक्के लोकांची चाल सुधारली होती, आणि दोन्हींत म्हणण्यासारखा फरक नव्हता. ते वाचलं आणि माझे दोन तारे गेले. भाडं आम्ही पोटाला चिमटा काढून भरत होतो.

तरी तीन तारे ठेवते, त्याला कारण आहे. आधी मॅडमचे दोन्ही हात अण्णांना पडू न देण्यातच गुंतायचे. फ्रेम आल्यावर मॅडम बाजूला स्टूल घेऊन बसल्या. एका हाताने गुडघा मागून धरायचा, दुसऱ्याने पाऊल उचलून टाच आधी टेकवायची, असं प्रत्येक पावलाला. अण्णांचा चेहरा भीतीने आवळलेला असायचा, तो सैल पडला. पडणार नाही अशी खात्री झाली तेव्हाच त्यांनी उजव्या पायावर वजन टाकलं. हे काम माणसांच्या आधाराने होतं, पण त्याला दोन धडधाकट माणसं रोज लागतात, आणि आमच्या घरी आई आणि मी.

आता अण्णा चौपायी काठीवर बोळातून जातात. म्हणून माझं मत असं: ज्यांचा माणूस दोघांच्या आधाराशिवाय उभाच राहत नाही, त्यांनी थोड्या महिन्यांसाठी भाड्याने घ्यावी, विकत मुळीच नाही. काठीवर आलेल्याने त्याच पैशांत थेरपिस्टच्या फेऱ्या वाढवाव्यात. सुटा पट्टा मिळतो का आणि केवढ्याला, हे आधी लेखी घ्या. आणि छताची उंची मोजून ठेवा. आमच्या मधल्या खोलीतला पंखा उतरवावा लागला, अख्खा उन्हाळा टेबलफॅनवर काढला.