बंदीच्या दिवसांतले रक्तदान शिबिर : तपासणी चोख, वाहतूक ढिसाळ

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, दापोली तालुक्यातील किनाऱ्यालगतच्या आमच्या गावी, एका रक्तकेंद्राने शाळेत भरवलेल्या शिबिरात मी रक्तदान केले. ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद असल्यामुळे होड्या शाकारून ठेवलेल्या होत्या आणि एरवी हाती न लागणारे खलाशी घरी होते. शिवाय डेंग्यू आणि लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिसच्या) रुग्णांना प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवायला मदत करणाऱ्या पेशी, लागतात त्या याच दिवसांत. हिवाळ्यातल्या जयंत्यांना जमवलेल्या पिशव्या पावसाळ्यापर्यंत पुरत नाहीत, कारण तांबड्या पेशी शीतकपाटातही पिशवीतील द्रावणानुसार ३५ किंवा ४२ दिवसच टिकतात. दिवस निवडणाऱ्याला म्हणूनच पैकीच्या पैकी गुण द्यायला हवेत.

तपासणीत कसलीही घाई नव्हती. बोटातून काढलेला थेंब मोरचुदाच्या निळ्या द्रावणात सोडला, तो डळमळला आणि सावकाश तळाशी गेला, म्हणजे हिमोग्लोबिन किमान १२.५ असल्याची खात्री झाली. माझ्या पुढच्या खलाशाला महिन्यापूर्वी मलेरिया झाल्याचे कळताच डॉक्टरांनी त्याला परत पाठवले. तो हिरमुसला, पण बरे झाल्यावर तीन महिने थांबावे लागते हे त्याला शांतपणे समजावून सांगितले गेले. वजन ५५ किलोंच्या वर असल्याने माझे ४५० मिलिलिटर रक्त घेतले.

रक्तगटाविषयी मी मुद्दाम खोदून विचारले. डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये जगापुढे आणलेल्या ‘बॉम्बे’ रक्तगटाची माणसे रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे तुलनेने अधिक आढळली आहेत. नुसत्या पेशी तपासल्या तर हा गट ‘ओ’ वाटतो, आणि अशा रुग्णाला ‘ओ’चे रक्त चढवले तर ते जिवावर बेतते, सीरमचीही (रक्तातल्या पेशी वगळून उरणाऱ्या द्रवाचीही) उलट तपासणी केली की मगच चूक उघडी पडते. केंद्रात ती प्रत्येक पिशवीवर होते, असे तंत्रज्ञाने सांगितले. उरलेला नमुना संशोधनासाठी वापरण्याची संमतीही वेगळी विचारली, आणि मी ती आनंदाने दिली. हा गट मुळात सापडला तो रक्त बारकाईने तपासले गेल्यामुळेच.

तक्रार आहे ती पुढची. एकुलती एक गाडी शिबिर आटोपल्यावर, संध्याकाळी पाच वाजता निघाली आणि केंद्र येथून दोन-अडीच तासांच्या वळणावळणाच्या रस्त्यावर आहे. प्लेटलेट वेगळ्या करायच्या तर रक्त घेतल्यापासून काही तासांतच ते काम उरकावे लागते, त्यामुळे सकाळी नऊला दिलेल्या पिशव्यांतून प्लेटलेट निघाल्या असतील, असे मला वाटत नाही. तांबड्या पेशी आणि प्लाझ्मा अर्थातच उपयोगी पडतील. दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागणाऱ्या थॅलेसेमियाच्या मुलांसाठी तेही मोलाचेच आहे. पण दिवस निवडला प्लेटलेटसाठी आणि हरवल्याही त्याच! दात्यांना वाटलेल्या छत्र्यांच्या खर्चात दुपारची एक जादा फेरी सहज झाली असती. (छत्री, खरे सांगायचे तर, पहिल्याच वाऱ्यात उलटली.)

फोन करून हे सुचवले, तेव्हा ‘कळवतो’ असे उत्तर मिळाले. अद्याप काही कळलेले नाही. पुरुषांना तीन महिन्यांनी पुन्हा रक्त देता येते. ऑक्टोबरात शिबिराची वाट न पाहता मी सकाळच्या एसटीने थेट केंद्रातच जाणार आहे.