मांजराचे जंत: पायरँटेल की प्राझिक्वांटेल?

गोव्यात म्हापसा-फोंड्याकडे मांजर बहुधा अर्धं घरचं, अर्धं वाड्यावरचं. उंदीर खातं, अंगावर पिसवा घेऊन येतं. म्हणून नुसतं जंताचं औषध दिलं की झालं, असं होत नाही. जंत कोणता, ते आधी बघा.

ओकारीत बोटभर लांब, गोलसर पांढरे जंत पडले तर ते गोल जंत. पिल्लांना ते आईच्या दुधातूनही मिळतात. पोट फुगतं, अंग मात्र भरत नाही. इथे पायरँटेल हे जंताचं औषध चांगलं, अंकुशकृमींवरही (आतड्याला चिकटून रक्त पिणारे बारीक जंत) चालतं. पण ते आतड्यातल्याच जंतांना मारतं. शरीरात फिरणाऱ्या अळ्या वाचतात, म्हणून दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा डोस लागतोच.

शेपटीखालच्या केसांना तांदळाच्या दाण्याएवढे तुकडे चिकटलेले, ताजे असतील तर वळवळणारे, ते पट्टकृमीचे, म्हणजे चपट्या, फितीसारख्या जंताचे. तिथे पायरँटेल वाया जातं, प्राझिक्वांटेल हे दुसरं औषधच हवं. बहुतेकदा एका डोसात काम होतं. मात्र चाटताना पिसू गिळली की पुन्हा लागण, तेव्हा पिसवांवर इलाज सोबतच करा. (कुत्र्याचे पिसवांवरचे परमेथ्रिनचे थेंब मांजराला कधीही लावू नका, जीव जाऊ शकतो.)

बाहेर फिरणाऱ्या मोठ्या मांजराला मी दोन्ही औषधं एकत्र असलेली गोळीच देईन, वजन करून, डॉक्टरांना विचारून. लहान पिल्लाला आधी पायरँटेल.