बलोची लिहायची कशात: अरबी वळणात की रोमनमध्ये?

मस्कतमधला माझा एक बलोच मित्र अडलाय. मुलीला घरची भाषा, म्हणजे बलोची, लिहायला शिकवायची, पण कुठल्या लिपीत?

वाचायला काय मिळेल, हे आधी बघा. इथे अरबी वळणाची लिपी सरळ पुढे आहे. पाकिस्तानातल्या क्वेट्ट्याची बलोची अकादमी १९६१ पासून पुस्तकं काढतेय, बलोची कवी-अभ्यासक सय्यद हाशमींचा ‘सय्यद गंज’ हा कोशही याच लिपीत. रोमनमध्ये तुलनेने फारच थोडं.

उच्चारात मात्र पारडं फिरतं. ‘शप’ म्हणजे रात्र. अरबी वळणात नुसते श आणि प; मधला ऱ्हस्व स्वर लिहीतच नाहीत. ज्याला शब्द ठाऊक, तोच वाचणार. (आपल्या मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा असाच घोळ!) रोमनमध्ये स्वर डोळ्यांसमोर असतो.

शिकायचे कष्ट? मुलगी शाळेत अरबी गिरवतेच, काही जादा अक्षरं शिकली की झालं.

म्हणून तिला अरबी वळणच. स्वीडन-नॉर्वेत वाढणाऱ्या, बलोची अर्धवट कानावर पडलेल्या मुलांना मी रोमन देईन. मकरानमध्ये, म्हणजे पाकिस्तान-इराणच्या बलोच किनारपट्टीवर, राहणाऱ्याने तर रोमनच्या वाटेला जाऊच नये.