नव्वद गोळ्यांची बाटली: मेल ऑर्डर फार्मसीसोबत अकरा महिने

हौसेने घेतलेलं नाही हे, आधीच सांगते. कंपनीने विम्याची योजना बदलली आणि नव्या पुस्तिकेत एक नियम आला: रोजची, कायमची औषधं दुकानातून फक्त दोनदा मिळतील. तिसऱ्या वेळेपासून मेल ऑर्डरने, म्हणजे टपालाने घरपोच, नव्वद दिवसांची घ्यायची, नाहीतर सगळे पैसे आपल्या खिशातून. माझी थायरॉइडची लेव्होथायरॉक्सिन आणि रक्तदाबाची लोसार्टन, नवऱ्याची कोलेस्टेरॉलची अटोरव्हास्टॅटिन. आम्ही अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनला राहतो, औषधांचं दुकान घरापासून चालत सात मिनिटांवर. तरी गोळ्या दुसऱ्या राज्यातल्या गोदामातून येणार!

हिशोब मात्र सरळ आहे. दुकानात एका औषधाला महिन्याला 10 डॉलर कोपे, म्हणजे विमा असूनही आपण भरायचा ठरलेला वाटा, मेलने तीन महिन्यांचे 20. तीन औषधांचे वर्षाला 360 ऐवजी 240.

पहिली ऑर्डर रखडली, आणि चूक निम्मी माझी. डॉक्टरांकडून चिठ्ठी नेहमीसारखी तीस दिवसांची गेली. नव्वद दिवसांची, वर तीन रिफिल (त्याच चिठ्ठीवर पुढच्या खेपा), असं स्पष्ट सांगून पाठवायला लावायचं असतं. पुन्हा चिठ्ठी, पुन्हा वाट, एकूण बारा दिवस. डबीत चार गोळ्या उरल्या होत्या. मधल्या आठवड्यापुरत्या दुकानातून रोखीने घेतल्या. कुणी नव्याने सुरू करत असेल तर हातात महिनाभराचा साठा असतानाच करा.

त्यानंतर सहा महिने तक्रारीला जागा नव्हती. साधी पाकिटं, बाहेर औषधाचं नाव नाही, आत सीलबंद बाटल्या. डिसेंबरात चार आठवडे पुण्याला गेलो तेव्हा तर फारच सोय झाली. एरवी तीस दिवसांच्या हिशोबात प्रवासासाठी आगाऊ औषध मागायचं म्हणजे विमा कंपनीला फोन आणि विनवण्या.

उन्हाळ्यात जरा धास्ती वाटली. लेव्होथायरॉक्सिन 20 ते 25 अंश सेल्सिअसला ठेवायची असते, आणि आमची टपालपेटी लोखंडी, दुपारभर उन्हात. आता ट्रॅकिंग लावते आणि पाकीट आलं की शेजारच्या काकूंना काढून ठेवायला सांगते.

खरा वैताग ऑटो-रिफिलने, म्हणजे आपोआप निघणाऱ्या पुढच्या खेपेने, दिला. मार्चमध्ये डॉक्टरांनी लोसार्टन 50 वरून 100 मिलिग्रॅम केली. तोवर 50 च्या नव्वद गोळ्या निघाल्या होत्या, कोपेही कापला गेला होता. औषध परत घेत नाहीत. डॉक्टर म्हणाले, दोन-दोन घ्या. घेतल्या, त्यामुळे पंचेचाळीस दिवसांत संपल्या. मग 100 ची चिठ्ठी पाठवली तर उत्तर: ‘रिफिल टू सून’. त्यांच्या लेखी माझ्याकडे अजून दीड महिन्याची लोसार्टन होती! तीन फोन झाले. प्रत्येक वेळी नवा माणूस, प्रत्येकाला जन्मतारखेपासून सगळं सांगायचं. शेवटी एकीने डोस बदलल्याची नोंद केली आणि गाडी हलली.

दुकानात हे काउंटरवर दोन मिनिटांत मिटलं असतं. तिथला फार्मासिस्ट ओळखीचा आहे. त्यानेच एकदा सांगितलं होतं की अटोरव्हास्टॅटिन विमा न लावता घेतली तर कोपेपेक्षा स्वस्त पडेल. पूर्वी काही करारांमुळे फार्मासिस्टना हे सांगायचीही बंदी असायची, 2018 च्या कायद्याने ती उठली. मेल ऑर्डरमध्ये सांगायला समोर कुणी नसतंच. नवऱ्याची ती गोळी आता आम्ही रोखीनेच घेतो. रोखीचे पैसे वर्षाच्या खर्चमर्यादेत (जिच्यापुढचा खर्च विमा उचलतो) धरत नाहीत, पण आमचा खर्च तिथवर जातही नाही.

ही फार्मसी निवडायची मुभा तुम्हाला नसते, नोकरी देणाऱ्या कंपनीलाही फारशी नसते. ती पीबीएमसोबत येते, म्हणजे विम्यातली औषधांची बाजू सांभाळणारी मधली कंपनी. एफटीसीच्या, म्हणजे बाजारातल्या स्पर्धेवर लक्ष ठेवणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेच्या, 2024 च्या अहवालानुसार देशातल्या जवळपास 80 टक्के प्रिस्क्रिप्शन तीनच पीबीएमच्या हातात होती, आणि तिघांच्याही स्वतःच्या मेल ऑर्डर फार्मसी आहेत. मग आमच्या पुस्तिकेत तो नियम कुठून आला, याचं मला आता नवल वाटत नाही.

पाचपैकी तीन तारे. थायरॉइडच्या गोळीसाठी एकटीला पाच देईन, कारण तिचा डोस चार वर्षांत हललेला नाही. डोस अजून बदलत असेल तर ऑटो-रिफिल लावू नका. मी बंद केलंय आणि फोनमध्ये वीस दिवस आधीचा गजर लावलाय. मागच्या आठवड्यात लेकीच्या घशासाठी अँटिबायोटिक आणायला दुकानात गेले, तर फार्मासिस्टने आधी विचारलं, ‘बीपीचं काय झालं? शंभरवर स्थिर आहे का?’