एकच सी कोड बोर्डावर आणि लॅपटॉपवर, काही महिने वापरून झाल्यावर

काल एक जुनं मॉड्यूल लॅपटॉपच्या बिल्डमध्ये ओढलं आणि ढीगभर वॉर्निंग आल्या, म्हणून आता लिहूनच टाकतो. सेटअप असा, मायक्रोकंट्रोलर बोर्डासाठीचा सी कोड लॅपटॉपवरही चालवून बघायचा. हार्डवेअरचं सगळं एका फोल्डरमध्ये, बाकी लॉजिक साधं सी९९ (सी भाषेचं १९९९ चं मानक), बोर्डासाठीही बिल्ड होतं आणि लिनक्स-विंडोजवरही.

तर रडगाणं प्रिंटएफचं, म्हणजे सीमधल्या छापायच्या फंक्शनचं. एक ३२ बिटचा आकडा छापायचाय, बास. आर्म चिपच्या बेअर-मेटल (ऑपरेटिंग सिस्टिमशिवायच्या) जीसीसी कंपायलरमध्ये युइंट३२_टी, म्हणजे ३२ बिटचा बिनचिन्ह आकडा, हा अनसाइन्ड लाँग असतो, आणि ६४ बिट लिनक्सवर तोच अनसाइन्ड इंट. छापताना प्रकार सांगावा लागतो, पर्सेंट-यू म्हणजे अनसाइन्ड इंट, पर्सेंट-एलयू म्हणजे अनसाइन्ड लाँग. म्हणजे पर्सेंट-यू लिहिलं की बोर्डाचा बिल्ड बोंबलतो, पर्सेंट-एलयू लिहिलं की लॅपटॉपचा, आणि वॉर्निंगला एरर धरायचा फ्लॅग मी काढणार नाही म्हणजे नाही! अधिकृत उपाय म्हणजे इंटटाइप्स.एच मधला पीआरआययू३२ मॅक्रो, तो त्या त्या ठिकाणचं योग्य अक्षर स्ट्रिंगमध्ये घालतो. एका ओळीत तीन आकडे छापून बघा त्याने, कोटेशन उघड-बंद उघड-बंद, ठिगळं लावलेल्या गोधडीसारखी स्ट्रिंग होते, वाचायची कोणी? बरेच दिवस हेच बरोबर म्हणून रेटलं, आता मत बदललंय. सरळ अनसाइन्ड लाँगमध्ये कास्ट करा (प्रकार बदलून घ्या) आणि पर्सेंट-एलयू लिहा. लाँग कुठेही ३२ बिटपेक्षा लहान नसतो, एव्हीआरवर (८ बिटच्या छोट्या चिपवर) ३२, विंडोजवर ३२, ६४ बिट लिनक्सवर ६४, विषय संपला.

म्हणजे ३२ बिटपुरता संपला. न्यूलिब-नॅनो, म्हणजे बोर्डासाठीची छोटी सी लायब्ररी, तिच्या प्रिंटएफला ६४ बिटचा लाँग लाँग कळतच नाही, आकड्याच्या जागी नुसतं ‘एलयू’ छापून मोकळा होतो. ६४ बिटसाठी शेवटी स्वतःच छोटं फंक्शन लिहिलं.

बाकीच्या कटकटी किरकोळ. एव्हीआरवर इंट १६ बिटचा, त्यामुळे ६० गुणिले १००० चं उत्तर ऋण ५५३६ येतं. आर्मवर साधा कॅर (एका बाइटचा प्रकार) अनसाइन्ड, शून्यापेक्षा कमी आहे का विचारलं तर उत्तर कायम ‘नाही’.

पण एवढं असूनही सोडत नाही, कारण ॲड्रेस सॅनिटायझर, चुकीच्या जागी मेमरी वापरली की लगेच पकडणारं कंपायलरचं साधन. बोर्डाबरोबर आलेल्या नमुना कोडमधला पार्सर बफरच्या एक बाइट पुढे लिहीत होता, बोर्डावर काहीच दिसायचं नाही, लॅपटॉपवर पहिल्याच रनला फाइल आणि ओळ नंबरासकट पकडला. विक्रेत्याला मेल टाकला तर उत्तर काय, ‘आमच्या बोर्डावर व्यवस्थित चालतं.’ अहो तेच तर सांगतोय!! परत तीच मेल पाठवली, परत तेच उत्तर, मग नाद सोडला आणि स्वतःच दुरुस्त केलं.

शिवाय मी कंजूष माणूस. एटीमेगा३२८पी (एक एव्हीआर चिप) चा फ्लॅश, म्हणजे प्रोग्राम ठेवायची मेमरी, १०,००० वेळा लिहिण्यापुरताच, तो प्रत्येक सेमीकोलनसाठी कशाला झिजवा, आणि लॅपटॉपवर चुका शोधायला जीडीबी फुकट असताना बोर्डाचा हार्डवेअर डीबगरही अजून घेतलेला नाही.

फक्त स्टॅकच्या (फंक्शनं चालताना लागणाऱ्या मेमरीच्या) बाबतीत लॅपटॉपवर विसंबू नका. लिनक्सवर सहसा ८ एमबी स्टॅक मिळतो, त्या एटीमेगाची सगळी मिळून रॅम २ केबी, रिकर्शन (फंक्शनने स्वतःलाच बोलावणं) लॉजिकमध्ये ठेवलंत तर लॅपटॉप हूं की चूं करणार नाही, बोर्डावर मात्र जागा संपेल.