पर्कॉल: वारेतल्या हॉफबाउअर पेशींसाठी किती भरवशाचं?

निकाल आधीच सांगतो: गाळणी म्हणून पर्कॉल झकास आहे, पण त्याच्या एकट्याच्या जिवावर पेशी शुद्ध आहेत असं म्हणता येत नाही.

पर्कॉल म्हणजे पॉलिव्हिनिलपायरोलिडोनचा लेप दिलेल्या सिलिकाच्या अतिसूक्ष्म कणांचं द्रावण. घनता १.१३ ग्रॅम प्रति मिली. ते कमी-जास्त पातळ करून थर रचले आणि सेंट्रिफ्यूजमध्ये (गरगर फिरवणाऱ्या यंत्रात) फिरवलं की पेशी आपापल्या घनतेच्या थराशी थांबतात. स्वीडनच्या फार्मासियाने १९७०च्या दशकात आणलं, आता सायटिव्हा विकते. इथे तपासलंय ते एकाच कामासाठी: पूर्ण दिवसांच्या वारेच्या अंकुरांमधले, बाळाच्या बाजूचे मॅक्रोफेज (जंतू आणि मोडतोड गिळणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी), म्हणजेच हॉफबाउअर पेशी, वेगळ्या काढण्यासाठी.

बाटलीतलं पर्कॉल जसंच्या तसं वापरायचं नाही. त्यात क्षार जवळजवळ नसतात, त्यामुळे पेशी पाणी शोषून फुगतात, हलक्या होतात आणि चुकीच्या थरात जाऊन बसतात. म्हणून आधी ९ भाग पर्कॉलमध्ये १ भाग दहापट तीव्र पीबीएस (फॉस्फेटयुक्त खारं द्रावण). या मिश्रणाला १०० टक्के धरायचं आणि पुढची सगळी पातळ द्रावणं साध्या, एकपट पीबीएसने करायची. नवखे इथेच हमखास चुकतात: कच्चं पर्कॉल थेट एकपट पीबीएसमध्ये ओततात, आणि मग पट्टे वर का सरकले म्हणून दोष बाटलीला देतात. निर्जंतुक करायचंच असेल तर कच्चं असतानाच ऑटोक्लेव्ह करावं (दाबाखालच्या वाफेत तापवावं). क्षार घातल्यावर केलं तर सिलिकाच्या गुठळ्या होतात.

थर चार: ३५, ३०, २५ आणि २० टक्के. ५० मिलीच्या नळीत प्रत्येकी १० मिली, जड थर तळाला, त्यावर ५ मिली पेशी. थर दिसत नाहीत ही नेहमीची तक्रार. त्यावर उपाय सोपा: एक सोडून एक थर पीबीएसऐवजी फिनॉल रेड हा रंग असलेल्या संवर्धन माध्यमात करा. गुलाबी, पांढुरका, गुलाबी, पांढुरका अशा रेघा स्पष्ट दिसतात आणि पिपेट कुठे बुडवायचं हे चाचपडावं लागत नाही. मग सेंट्रिफ्यूज: १००० जी (गुरुत्वाच्या हजारपट जोर), ३० मिनिटं, खोलीच्या तापमानाला, ब्रेक बंद. ब्रेक चालू राहिला तर थांबताना थर घुसळतात आणि सगळी मेहनत पाण्यात.

आता खरी मेख. वरून काय ओतता यावर सगळं अवलंबून आहे. आईच्या बाजूचा पडदा आणि नाळेच्या बाजूचं जाड पटल काढून मधला अंकुरांचा मऊ गर घ्यावा, बारीक चिरावा, रक्त निघून पाणी नितळ होईपर्यंत धुवावा. मग पेशी सुट्या करणाऱ्या ट्रिप्सिन या विकराच्या फेऱ्या, त्यात सुटणारी ट्रोफोब्लास्ट (अंकुरांच्या बाहेरच्या आवरणाच्या पेशी) टाकून द्यायची. उरलेल्या गाभ्यावर कोलॅजिनेज (ऊतकातले तंतू तोडणारं विकर) १ मिलीग्रॅम प्रति मिली आणि डीएनेज (डीएनए तोडणारं विकर), ३७ अंशांवर तासभर. डीएनेज कमी पडलं की मेलेल्या पेशींच्या डीएनएने शेंबडासारखा चिकट लगदा होतो. तो थरावर ओतला की गोळ्याने खाली जातो आणि मॅक्रोफेजही सोबत नेतो. आधी जाळीतून गाळून घ्या, आणि एका नळीत जास्त पेशी कोंबू नका.

पेशी २०/२५ च्या सीमेपासून ३०/३५ च्या सीमेपर्यंतच्या पट्ट्यांतून उचलायच्या. अंदाजे १.०३ ते १.०४५ घनतेचा हा पट्टा. तांबड्या पेशी तळाला जातात, बरीचशी फुटकी मोडतोड वर राहते. इथे फायकॉल (रक्तपेशी वेगळ्या करायचं नेहमीचं द्रावण) वापरून भागत नाही: त्याच्या १.०७७ घनतेवर मॅक्रोफेज, ट्रोफोब्लास्ट, फायब्रोब्लास्ट (जोडऊतकाच्या पेशी) सगळेच वर तरंगतात.

उचललेला द्रव किमान पाचपट माध्यमाने पातळ करून मगच फिरवा. नाहीतर पर्कॉल दाट असल्याने पेशी तळाला बसतच नाहीत, आणि वरचा द्रव ओतताना त्याही जातात.

पर्कॉलची हद्द इथे संपते. याच पट्ट्यांत फायब्रोब्लास्ट असतात. म्हणून पुढे पेशीवरची ठरावीक प्रथिनं ओळखून तिला पकडणारे चुंबकीय मणी हवेतच: ईजीएफआरविरोधी मणी उरलेल्या ट्रोफोब्लास्टसाठी, सीडी१० विरोधी फायब्रोब्लास्टसाठी. मॅक्रोफेजवरच्या सीडी१४ या प्रथिनाने थेट मॅक्रोफेज पकडणं सोपं वाटतं, पण त्यात आईच्या रक्तातल्या मोनोसाइट या पांढऱ्या पेशीही येतात, शिवाय सीडी१४ हा पेशीचा संवेदक असल्याने हात नेमका त्यालाच लागतो. मुलगा असेल तर वाय गुणसूत्र तपासून पेशी बाळाच्याच आहेत हे पाहता येतं.

हा मण्यांचा टप्पा वगळल्याचं फळ संवर्धनात दिसतं. ‘पेशी वाढवणं’ असं आपण म्हणतो खरं, पण हॉफबाउअर पेशी जवळजवळ विभागतच नाहीत. त्यांना फक्त जगवायचं असतं. आरपीएमआय १६४० माध्यम, १० टक्के सीरम, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड. गोल, पोकळ्यांनी भरलेल्या पेशींच्या मध्ये आठवड्याभरात चात्यांसारख्या लांबट पेशी पसरू लागल्या, तर ते वाढलेले फायब्रोब्लास्ट. प्रयोग पहिल्या काही दिवसांतच उरका.

हिशेब: चार थरांच्या एका नळीला साधारण १० मिली कच्चं पर्कॉल लागतं, म्हणजे २५० मिलीच्या बाटलीत २५ नळ्या. एका वारेला चार नळ्या धरल्या तर सहा वारा. उरलेलं ऊतक जैववैद्यकीय कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत, हे सांगायला नकोच.

सायटोकाइन (पेशींनी सोडलेली संदेशवाहक प्रथिनं) मोजायचे असतील तर साधी बाटली घेऊ नका. मॅक्रोफेज एन्डोटॉक्सिनच्या (जिवाणूंच्या आवरणातल्या विषाच्या) वासानेही खवळतात. सिलेनचा लेप असलेलं, कमी एन्डोटॉक्सिनचं पर्कॉल प्लस महाग पडतं, पण नुसत्या सूक्ष्मदर्शकाच्या किंवा डीएनएच्या कामाला त्याची गरज नाही.